लाउंड्स काउंटीच्या अंगणातले पाणी : दक्षिणेतील मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि सभासद यांस,

विषय : अलाबामातील लाउंड्स काउंटीचा सांडपाण्याचा प्रश्न आणि त्यात आपल्याला करता येण्याजोगे काम

सप्रेम नमस्कार.

अटलांटा, नॅशव्हिल, बर्मिंगहॅम इथली माझ्या ओळखीची मराठी कुटुंबे सुटीत माँटगोमेरीला येतात, झुंडीने ठार मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांचे २०१८ साली उघडलेले स्मारक पाहतात आणि दुसऱ्या दिवशी सेल्माला जाऊन एडमंड पेटस पुलावर फोटो काढून घेतात. या दोन गावांमधला जो हायवे ८० आहे, त्याचा बराचसा भाग लाउंड्स नावाच्या काउंटीतून, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागातून, जातो. कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी सेल्माहून माँटगोमेरीला निघालेल्या मार्च १९६५ च्या ५४ मैलांच्या पदयात्रेत हाच टप्पा सर्वांत धोक्याचा मानला गेला होता, आणि तिथे रस्ता दोनपदरी असल्यामुळे न्यायालयाने फक्त तीनशे जणांनाच चालण्याची मुभा दिली होती. आज गाडीतून तो टप्पा पाऊण तासाच्या आत संपतो आणि दोन्ही बाजूंना गवताळ माळ, पाइनची झाडे आणि अधूनमधून एखादे चर्च याखेरीज काही दिसत नाही. त्या माळाच्या आत राहणाऱ्या लोकांविषयी हे पत्र आहे.

मी माँटगोमेरीत राहते आणि व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहे. कामाच्या निमित्ताने, आणि पुढे निमित्त उरले नाही तेव्हा नुसत्या ओळखीपोटी, मी लाउंड्समधल्या माणसांशी बोलत आले आहे : पडवीत बसून, चर्चच्या जेवणाच्या पंगतीत, पेट्रोलपंपावरच्या बाकावर. या काउंटीची लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास आहे आणि त्यांतले दहात सातजण कृष्णवर्णीय आहेत. इथल्या कितीतरी घरांचे मैलापाणी आजही एका उघड्या नळीतून घरामागच्या जमिनीवर पडते, ही गोष्ट आता वर्तमानपत्रांमुळे पुष्कळांना ठाऊक झाली आहे. मात्र ती वाचल्यावर आपल्या बैठकींत जी वाक्ये ऐकू येतात, म्हणजे ‘इतक्या श्रीमंत देशात असे कसे राहतात हे लोक’ किंवा ‘आपण काही ब्लँकेटे, कपडे गोळा करून पाठवू या’, त्यांवरून असे वाटते की हा प्रश्न त्या लोकांच्या सवयींचा किंवा निव्वळ गरिबीचा आहे असा आपला समज आहे. माझे म्हणणे असे की तो जमिनीचा, मालकीच्या कागदाचा आणि कायद्याचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच अभियंते, डॉक्टर आणि मतदार म्हणून आपला त्याच्याशी संबंध येतो.

प्रथम प्रत्यक्ष काय दिसते ते सांगते. सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी मला त्यांच्या मोबाइल होमच्या, म्हणजे कारखान्यात तयार करून आणून ठेवलेल्या घराच्या, मागे नेले. न्हाणीघराच्या खालून एक पांढरी पीव्हीसी नळी निघून पंधरावीस पावलांवर झुडपांत संपत होती. तिला तिथे ‘स्ट्रेट पाइप’ म्हणतात. नळीच्या तोंडापाशी गवत बाकीच्या आवाराहून कितीतरी हिरवे आणि उंच वाढले होते, आणि मधल्या ओल्या पट्ट्यावर बाईंनी नातवंडांना ओलांडता यावे म्हणून एक फळी टाकून ठेवली होती. घर इतके नेटके होते की दाराशी चपला काढाव्यात की काय असे मला वाटले. पावसाळी दिवसांत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, आपण फ्लश करण्याआधी आभाळाकडे बघतो, असे त्या हसून म्हणाल्या. त्यांच्या शेजारच्या घरी सेप्टिक टँक आहे, रीतसर परवानगीचा. पण दोन दिवस सलग पाऊस झाला की त्यातले पाणी उलटे येऊन बाथटबमध्ये चढते, आणि त्यामुळे आपली नळी त्यापेक्षा बरी असे त्यांचे मत होते. शहरात राहणारी त्यांची मुले नाताळात येतात ती माँटगोमेरीच्या हॉटेलात उतरतात. हे सांगताना मात्र त्या हसल्या नाहीत.

त्यांच्या बोलण्यातला सेप्टिक टँक अयशस्वी का ठरतो, हे मला त्याच भागात जेसीबी चालवून पोट भरणाऱ्या एका गृहस्थांनी कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नीट समजावले. सेप्टिक टँकमध्ये गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी सच्छिद्र नळ्यांतून जमिनीत मुरते, तेव्हा सगळी भिस्त जमिनीवर असते. लाउंड्सची जमीन ‘ब्लॅक बेल्ट’ नावाच्या पट्ट्यातली आहे : वर चिकण माती आणि तिच्याखाली खडूसारख्या चुनखडीचा जाड थर. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि हिवाळ्यात तीच फुगून एखाद्या भांड्यासारखी पाणी धरून ठेवते. त्यांनी माझ्यासमोर एक खड्डा घेतला, पाणी ओतले, आणि आम्ही तासभर गप्पा मारल्या तरी पाण्याची पातळी जेमतेम बोटभर उतरली. अशा ठिकाणी परवानगी मिळते ती बहुधा बाहेरून वाळू आणून उंच केलेल्या गाद्यांच्या यंत्रणेला, जिच्यात पाणी पंपाने वर चढवावे लागते. तिचा खर्च साधारणतः पंधरा ते तीस हजार डॉलर सांगितला जातो आणि कठीण जागी त्याहूनही वर जातो; म्हणजे तिथल्या कित्येक कुटुंबांचे वर्षभराचे उत्पन्न, किंवा ज्या मोबाइल होमसाठी ती बसवायची त्याच्या किमतीहून अधिक. ‘वाळूच्या ढिगासाठी घराएवढे कर्ज कोण देणार?’ असे त्या गृहस्थांनी विचारले.

वऱ्हाडातल्या वाचकांना ही जमीन वेगळी ओळख करून द्यायला नको. काळ्या रेगूर जमिनीत घराच्या भिंतींना तडे जातात, पावसाळ्यात शोषखड्डा भरून वर येतो आणि तीच जमीन कापूस मात्र भरभरून देते. लाउंड्समध्येही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मूळच्या मस्कोगी क्रीक लोकांना हटवून गुलामांच्या श्रमावर मळे उभे राहिले ते या मातीतल्या कापसासाठीच. १८६१ नंतर अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस बंदरांत अडकला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवले, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरबाजाराचे खूळ माजले आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये ते कोसळले. मुंबईच्या त्या तेजीचा इतिहास आपण हौसेने सांगतो; तो माल जिथून येणे थांबले होते ती ही जमीन.

आता कायद्याकडे येते, कारण लोकांच्या बोलण्यात सर्वांत जास्त वेळा तोच येतो. अलाबामात घर सार्वजनिक मलवाहिनीला जोडलेले नसेल तर मैलापाण्याची जबाबदारी घरमालकाची असते आणि मान्यताप्राप्त यंत्रणा नसणे हा गुन्हा ठरू शकतो. शतक पालटण्याच्या सुमारास लाउंड्समधल्या काही कुटुंबांवर या कारणासाठी खरोखर खटले भरले गेले आणि काहींना अटक झाली. याच काउंटीत वाढलेल्या कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांनी हा विषय तेव्हापासून लावून धरला आणि २०२० मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप हा मोठा सन्मान मिळाला, तेव्हा देशाचे लक्ष इकडे आणखी वळले. अटकेची धास्ती अजून गेलेली नाही. पाहणीला येणाऱ्या कोणाही माणसाला, मग तो विद्यापीठाचा विद्यार्थी का असेना, लोक आधी विचारतात की हे कागद कोणाकडे जाणार आहेत. महाराष्ट्रात ग्रामस्वच्छतेच्या मोहिमांमध्ये पहाटे हागणदारीवर जाऊन लोकांना गुलाबाचे फूल देणारी, शिट्ट्या मारणारी, पुढे दंडही करणारी गुड मॉर्निंग पथके आपण पाहिली आहेत. ज्या घरी शौचालयाला जागाच नाही किंवा पाणीच नाही त्या घरच्या बाईला त्या शिट्टीने काय मिळाले, हा प्रश्न तेव्हा जितका रास्त होता तितकाच तो इथेही आहे, आणि इथे तर शिट्टीच्या जागी समन्स येत असे.

आरोग्याची बाजू थोडक्यात सांगते. अंकुशकृमीने, म्हणजे अनवाणी पायांतून शरीरात शिरून रक्तक्षय घडवणाऱ्या जंताने, विसाव्या शतकाच्या आरंभी सारी दक्षिण पोखरली होती आणि १९०९ मध्ये रॉकफेलर यांच्या दहा लाख डॉलरच्या देणगीतून त्याविरुद्ध मोहीम सुरू झाली. हा रोग अमेरिकेतून गेला असे पुढे मानले जाऊ लागले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टेक्सासच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी लाउंड्समधल्या ५५ जणांचे नमुने तपासले, तेव्हा १९ जणांत या कृमीचा अंश सापडला. नमुना लहान होता आणि त्यावर वादही झाले. मी ज्यांच्याशी बोलले त्यांना त्या निष्कर्षापेक्षा त्याच्या बातम्यांचा राग होता. चर्चच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या एका बाई म्हणाल्या की त्यानंतर माँटगोमेरीच्या दुकानात ‘कुठून आलात?’ असे विचारले तर त्या शेजारच्या काउंटीचे नाव सांगू लागल्या.

मालकीच्या कागदाचा मुद्दा मराठी माणसाला चटकन कळेल. १९६५ च्या आरंभी लाउंड्समध्ये कृष्णवर्णीय बहुसंख्य असूनही त्यांच्यातला एकही मतदार नोंदलेला नव्हता. त्या वर्षीच्या मार्चमध्ये, पदयात्रा संपली त्याच रात्री, पदयात्रेला मदत करायला आलेल्या व्हायोला लिउझो यांचा याच हायवेवर खून झाला, आणि ऑगस्टमध्ये हेनव्हिल या काउंटीच्या मुख्य गावी जोनाथन डॅनियल्स या तरुण धर्मशास्त्र-विद्यार्थ्याला गोळी घातली गेली. मतदार म्हणून नाव घातल्याबद्दल वाट्याने जमीन कसणाऱ्या कुटुंबांना मळेवाल्यांनी घराबाहेर काढले, तेव्हा ती कुटुंबे हायवेलगतच्या एका तुकड्यावर तंबू ठोकून जवळजवळ दोन वर्षे राहिली. त्या जागी, व्हाइट हॉल येथे, आज राष्ट्रीय उद्यान सेवेचे माहिती केंद्र आहे आणि सहलीला येणाऱ्यांनी निदान तिथे तरी थांबावे. या साऱ्या काळात ज्यांच्या नावावर स्वतःची थोडीफार जमीन होती त्यांना कोणी हुसकावू शकले नाही. म्हणून जमीन विकायची नाही, हा तिथल्या घराघरांत दंडक आहे. मृत्युपत्र मात्र बहुतेकांनी केले नाही, कारण वकील आणि कचेरी यांचा अनुभव चांगला नव्हता. परिणामी पणजोबांनी घेतलेल्या चाळीस एकरांवर आज डेट्रॉइटपासून शिकागोपर्यंत विखुरलेल्या तीसतीस वारसांचा अविभक्त हक्क आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावर मेलेल्या आजोबांचेच नाव, वारसनोंद नाही, वाटणीपत्र नाही, आणि बँक म्हणते सगळ्यांच्या सह्या आणा, अशी जी गत होते तीच इथे. स्पष्ट मालकी दाखवता येत नाही म्हणून कर्ज नाही, कित्येक सरकारी अनुदाने नाहीत, वादळात घर पडले तर मदत मिळवतानाही दमछाक; आणि एखाद्या दूरच्या वारसाने आपला हिस्सा बाहेरच्याला विकला की तो न्यायालयातून साऱ्या जमिनीच्या विक्रीची मागणी करू शकतो. एका निवृत्त बसचालकांनी मला बिस्किटाच्या डब्यात जपलेल्या कर भरल्याच्या पावत्या दाखवल्या. कित्येक वर्षांचा कर त्यांनी एकट्याने भरला आहे, पण सेप्टिकच्या अर्जावर मालक म्हणून सही करायचा अधिकार त्यांना एकट्याला नाही.

हा प्रश्न फक्त कृष्णवर्णीयांचा आहे असेही नाही. त्याच रस्त्यावर राहणाऱ्या एका गोऱ्या शेतकऱ्याचा जुना टँकही असाच तुंबला होता; फरक एवढाच की जमीन त्यांच्या एकट्याच्या नावावर होती, बँकेने कर्ज दिले आणि वाळूची गादी उभी राहिली. माती एकच, कागद वेगळा, असे त्यांनी स्वतःच सांगितले.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय न्याय विभागाने अलाबामाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची नागरी हक्क कायद्याखाली चौकशी सुरू केली आणि मे २०२३ मध्ये दोघांत करार झाला. भेदभावाचा आरोप मान्य न करताही राज्याच्या विभागाने त्यात लोकांवरील फौजदारी कारवाई थांबवण्याचे, घरोघरची स्थिती तपासण्याचे आणि सुधारणेची योजना आखण्याचे मान्य केले. एप्रिल २०२५ मध्ये वॉशिंग्टनमधल्या नव्या प्रशासनाने विविधता आणि समावेशनाच्या धोरणांना विरोध म्हणून हा करार रद्द केला. हाती असलेला निधी संपेपर्यंत यंत्रणा बसवण्याचे काम चालू ठेवू, असे राज्याच्या विभागाने तेव्हा सांगितले. मैलापाण्याच्या विल्हेवाटीत विविधतेचे धोरण नेमके कुठे येते हे मला उमगलेले नाही. पण ज्यांच्या अंगणात ते पाणी आहे त्यांच्या दृष्टीने त्या निर्णयाचा अर्थ इतकाच आहे की कारवाई न करण्याचे लेखी बंधन आता उरलेले नाही आणि पुढचा पैसा कोठून येणार हे राज्याच्या हातात आहे.

याच जागी आपला संबंध येतो. अलाबामातल्या हंट्सव्हिल, मॅडिसन, हूव्हर या भागांतली कित्येक मराठी कुटुंबे आता अमेरिकी नागरिक आहेत, मतदान करतात आणि शाळांच्या सीमा बदलल्या की आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहायला चुकत नाहीत. राज्याच्या अर्थसंकल्पात ग्रामीण सांडपाण्यासाठी किती पैसा ठेवायचा हे तेच प्रतिनिधी ठरवतात. लाउंड्सचे मतदार दहा हजार वस्तीच्या काउंटीतून कितीही ओरडले तरी तो आवाज उपनगरातल्या प्रतिनिधीला त्याचा वाटत नाही. त्याच्याच मतदारसंघातल्या पन्नास घरांनी तीच मागणी केली तर ती टाळणे त्याला अवघड जाईल. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, याचा उल्लेख आपल्या जयंतीच्या कार्यक्रमांत अभिमानाने होतो. मुक्त झालेल्या त्या माणसांचे पणतू आणि खापरपणतू आपल्यापासून दोनतीन तासांच्या अंतरावर राहतात, आणि त्यांची मागणी मोहरीच्या दाण्याएवढी आहे.

अभियंत्यांना माझी वेगळी विनंती आहे. राज्याचा परवाना असल्याखेरीज यंत्रणेच्या आराखड्यावर सही करता येत नाही, हे खरे. परंतु अडचण आराखड्यापाशी अडकलेली नाही. बसवलेल्या यंत्रणेतला पंप बंद पडला, धोक्याची घंटा वाजू लागली, वीजबिल वाढले की तिची देखभाल कोण करणार, हे कोणी ठरवलेले नसते आणि म्हणून नव्या यंत्रणाही काही वर्षांत निकामी होतात. दहावीस घरांची मिळून एक छोटी यंत्रणा आणि तिच्या देखभालीसाठी मासिक वर्गणीवर चालणारी स्थानिक संस्था हा मार्ग अलाबामातल्या विद्यापीठांचे अभियंते तपासत आहेत. आपल्यात पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण खात्यांत आयुष्य घालवलेली माणसे आहेत, सहकारी सोसायट्यांचे हिशेब ठेवलेली माणसे आहेत. त्यांचा महिन्यातला एक शनिवार इथे कामी येईल. डॉक्टरांनी एवढेच करावे की ग्रामीण भागातून येणाऱ्या रक्तक्षयी मुलाच्या आईला घरचे मैलापाणी कुठे जाते हे आवाज न चढवता, नोंदवहीत वेगळे चिन्ह न करता विचारावे आणि गरज वाटल्यास कृमीची तपासणी करावी. आणि आपल्यातल्या वकिलांना वारसहक्काच्या गुंत्याची भाषा जन्मापासून येते, असे मी समजते.

एक पथ्य मात्र सर्वांनी पाळावे. विशीतल्या एका तरुणाने, जो रोज माँटगोमेरीच्या मोटारींच्या कारखान्यात कामाला जातो, मला जरा तिखटपणेच विचारले की तुम्हीही नळीचाच फोटो काढणार का. मग त्याने आपणहून दाखवलेल्या गोष्टी अशा होत्या : आजोबांनी लावलेली पेकनची झाडे, भेंडीचे आणि कॉलर्डचे वाफे, हरणांच्या शिकारीची मचाण, ऑगस्टमध्ये चर्चच्या ‘होमकमिंग’ला दूरदूरच्या शहरांतून परतणाऱ्या नातलगांसाठी मासे तळायची भली मोठी कढई. नोकरी तशीच ठेवून तो इथेच घर बांधणार आहे. अडचण आहे ती फक्त सेप्टिकच्या परवानगीची. तेव्हा कोणी कॅमेरे, बॅनर आणि मंडळाच्या नावाचे टी-शर्ट घेऊन या वस्त्यांवर जाऊ नये, आणि कपड्यांचे गाठोडे तर मुळीच नेऊ नये. काउंटी कमिशनच्या बैठकी हेनव्हिलला भरतात आणि त्या सर्वांना खुल्या असतात. पहिल्या एकदोन वेळा मागच्या बाकावर बसून फक्त ऐकावे, मग विचारले तर बोलावे.

ज्यांना या कामात रस असेल त्यांनी आपापल्या मंडळाच्या कार्यकारिणीकडे नाव आणि आपण काय करू शकतो ते लिहून द्यावे, आणि कार्यकारिणींनी ही यादी पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी एकत्र करावी. प्रतिनिधींना पाठवायच्या पत्राचा मसुदा मी तयार केला आहे. लाउंड्समधल्या तिघांनी तो वाचून त्यातली दोन वाक्ये खोडली आहेत आणि एक वाढवले आहे. त्यांनी वाढवलेले वाक्य असे आहे की ज्या घराला परवानगीची यंत्रणा परवडत नाही त्या घरावर खटला भरू नये, हे राज्याने कायद्यातच लिहावे. ते कोणीही गाळू नये.

आपली नम्र,
माँटगोमेरी येथील एक मराठी रहिवासी